खाडीच्या तोंडाची खूण

या अंकाच्या संपादकांनी आठवणी लिहा म्हटलं तेव्हा मी दोनदा टाळलं. महसूल खात्यातल्या माणसाने लिहायचं म्हणजे लोकांना निवडणुकीच्या पेट्या, पूर आणि साहेबांच्या लहरी हव्या असतात. ते सगळं माझ्याकडे आहे, पण आता सांगायचा कंटाळा येतो. तिसऱ्यांदा संपादक घरीच आले. चहा झाला, पोहे झाले, तरी उठेनात. तेव्हा म्हटलं, बरं बाबा, लिहितो, पण मला जे सांगावंसं वाटतं तेच लिहीन. ते एका झाडाबद्दल आहे. संपादकांचा चेहरा जरा उतरला, पण पोहे खाऊन झाले होते.

मी मूळचा संगमनेरकडचा. पालघर तालुक्यात तलाठी म्हणून आलो आणि पुढे सर्कल झालो. शिक्क्यावर 'मंडळ अधिकारी' असायचं, लोकांच्या तोंडी मात्र सर्कलच. त्या काळात बोईसर-तारापूरकडे कारखान्यांची वसाहत वाढत चालली होती. भातखाचरांत सिमेंटचे खांब उभे राहत होते आणि रोज कुणीतरी नवा माणूस नकाशाची गुंडाळी काखेत मारून कचेरीत यायचा. कुणाला कारखाना काढायचा, कुणाला गोदाम, कुणाला कामगारांसाठी चाळ. शेतजमिनीवर यातलं काहीही करायचं तर बिनशेती परवानगी लागते. ती देणार वरचे साहेब, पण जागेवर जाऊन बघणार सर्कल. तिथे काय आहे, बांधकाम झालं तर कुणाचं काय बिघडेल, हे त्याने लिहून द्यायचं. याला म्हणतात स्थळपाहणी. माझी अर्धी हयात त्यात गेली आणि दोन्ही गुडघेही त्यातच गेले.

अहवालाचे मथळे ठरलेले असत. पोहोच रस्ता, विहीर, नाला, विजेची तार, झाडं, देऊळ किंवा मसणवट, कुणाची हरकत. जमिनीवरची जी गोष्ट मथळ्यात बसते ती सरकारला दिसते. बसत नाही ती दिसत नाही. खाडीकाठची तिवरं आमच्याकडे 'निरुपयोगी झुडपे' म्हणून वर जायची, मग भले त्यांच्या मुळाशी चिंबोऱ्या धरून दहा घरांच्या चुली पेटत असोत. मला ते खटकायचं. पण चिंबोऱ्यांना मथळा नव्हता.

या कामाची एक खुबी मला हळूहळू कळली. माणसांना विचारण्याआधी त्यांची पायवाट बघावी. उमरोळीच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यासाठी जागा बघायला गेलो होतो. माळरान, चार साग, बाकी गवत. पाड्यावरचे वारली जमले. मी विचारलं, इथे तुमचं देवाचं काही आहे का? सगळे म्हणाले, काय नाय. तलाठी लिहूनही मोकळा झाला. पण त्या सपाट माळावरून जाणारी पायवाट मध्येच उगाच वळसा घेत होती. खड्डा नाही, दगड नाही, काटेरी जाळी नाही. सरळ जाता येत असताना माणूस वळसा घेतो तो कशाला? आपण इतके हौशी नसतो. मी त्या वळशाच्या पोटात जाऊन गवत बाजूला केलं, तर शेंदूर पार उडालेला वाघदेवाचा दगड. मागे वळून पाहिलं तर सगळी मंडळी वाटेवरच उभी होती, चपला काढून.

मी चिडलो. म्हटलं, अरे, आत्ता विचारलं तेव्हा नाही म्हणालात. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "देवाकडं बोट नाय दाखवायचा, सायब. तुमी आपल्या पायानं गेलात, तं गेलात." आता याला काय म्हणणार? सरकार म्हणतं बोट दाखवा, आणि बोट दाखवणं हाच त्यांच्यात अपराध. त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारायचंच सोडून दिलं. नुसता वाटांवरून हिंडायचो. कारखानदार समजूतदार निघाला. दगडाभोवतीची जागा मोकळी ठेवली आणि मागच्या भिंतीला छोटं फाटक ठेवलं. पुढे कितीतरी वर्षं वाघबारशीला पाड्यावरची माणसं त्या फाटकातून यायची. तिथला उत्तर प्रदेशचा वॉचमन मला एकदा म्हणाला, "साहब, उस दिन हम भी नारियल चढ़ाते हैं। ड्यूटी तो रात की है, शेर का क्या भरोसा।" त्या वसाहतीत वाघ कुठून येणार? पण म्हटलं, चढवत जा.

अशी चारदोन कामं मनासारखी झाली. बाकीच्या कामांबद्दल मी बायकोलाही फारसं सांगितलं नाही. ज्या झाडाबद्दल लिहायला बसलो ते मात्र दोन्हीकडे मोजावं लागतं, म्हणून ते अजून गळ्यात अडकून आहे.

माहीमच्या उत्तरेला किनाऱ्यावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावाची वस्ती बागायतदारांची, नारळी-पोफळीची. गावाबाहेर वाळूच्या उंचवट्यावर एका घराण्याची मोठी पडीक जागा होती. एका कंपनीला तिथे नोकरवर्गासाठी वसाहत बांधायची होती. जमीनमालक विकायला राजी, गाव राजी, रस्ता होता, विहिरीला गोडं पाणी होतं. जागेच्या मधोमध गोरखचिंचेचं एकच अवाढव्य झाड. बुंधा असा की चार माणसांच्या कवेत येऊ नये. नेमकी तिथेच पाण्याची टाकी यायची होती, म्हणून झाड तोडायचं होतं. झाडाखाली मी नीट हिंडलो. दगड नव्हता, शेंदूर नव्हता, वळसा घेणारी वाट नव्हती. मुळात झाडाकडे जाणारी वाटच नव्हती. चावडीवर जाहीरनामा लावला, कोतवालाने दवंडी दिली, मुदत संपत आली तरी कुणी हरकत घेतली नाही. इतकं सरळ काम मला क्वचितच मिळायचं. मी खूश होतो.

अहवाल पाठवायच्या बेतात होतो तेवढ्यात एक कोळीण कचेरीत आली. डोक्यावरची पाटी तिने ओट्यावर ठेवली आणि आतले कारकून लगेच नाकाला रुमाल लावून बसले. तिचं नाव गोमतीबाई. गाव खाडीपलीकडचं, मच्छीमारांचं. ती ज्या घरी मासळी घालायची ते घर जमीन विकणाऱ्यांचं, त्यामुळे मागच्या दारी तिच्या कानावर आलं होतं.

"सायब, ती चिंच तोडू नका," ती म्हणाली.

"जमीन तुमची आहे का?"

"नाय."

"झाडावर देव आहे?"

"नाय ओ."

"मग पाला, फळं, काही नेता का तिथून?"

"आमी तितं कदी जात पन नाय."

मी पेन खाली ठेवलं. "बाई, मग ते झाड तुम्हाला लागतं कशाला?"

"मला नाय लागत. आमच्या मानसाना लागतं, घरी याला."

मला काही कळेना. खाडीच्या एका तीरावर झाड, दुसऱ्या तीरावर यांचं गाव, मध्ये पाणी. तिलाही ते पटवून सांगता येईना. शेवटी वैतागून म्हणाली, "तुमी होडीत बसा म्हंजे दिसंल. हितं खुर्चीत नाय दिसाचा." कारकून हसले. मीही हसलो, पण रविवारी गेलो.

गोमतीबाईचा नवरा काशिनाथ तांडेल. होडी चालवणाऱ्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात, आणि त्याच्या घराण्याचं आडनावही तेच पडलं होतं. उंच, कमी बोलणारा, डोळे कायम बारीक केलेले. पहाटे त्याच्या होडीत बसलो. मी देशावरचा माणूस, समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच नोकरीत, आणि तोही काठावरून. खाडीचं तोंड ओलांडलं आणि माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं. नंतर जे पोटात नव्हतं तेही आलं. बोंबलांची जाळी ओढली जात होती आणि मी तळाशी आडवा पडून बिनशेती परवानगीचा शोध लावणाऱ्याचा उद्धार करत होतो. काशिनाथने एकदाच मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "सायब, पान्याकडं नका बगू, जमिनीकडं बगा. तुमच्या वळकीची हाय ती."

दुपारनंतर परत निघालो. किनारा दिसायला लागला तेव्हा काशिनाथने यंत्र मंद केलं आणि विचारलं, "आता सांगा, तोंड कुटं हाय?"

मी उठून बसलो. समोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुरूच्या झाडांची एकच काळसर रेघ. खाडी, गाव, वाळू, काही वेगळं दिसत नव्हतं. मी अंदाजाने बोट दाखवलं. होडीवरचे सगळे हसायला लागले.

"तुमी दाकवता तितं खडप हाय," काशिनाथ म्हणाला. "अर्ध्या भरतीला पान्याखाली असतो. दिसत नाय, पन फाडतो."

मग त्याने मला शिकवलं. सुरूच्या रेघेच्या वर एक फुगीर गाठ दिसत होती, ती गोरखचिंच. तिच्या खूप मागे, पार आतल्या डोंगररांगेत, एका टेकडीला पाठीवर पोक आल्यासारखा उंचवटा होता. त्याला ही मंडळी कुबड म्हणत. कुबड बरोबर चिंचेच्या डोक्यावर आलं की होडी पाण्याच्या खोल वाटेवर आहे असं समजायचं आणि तशीच सरळ आत शिरायचं. कुबड चिंचेच्या उजवीकडे सरकलं तर आपण उजव्या खडपाकडे, म्हणजे पाण्याखालच्या खडकाकडे, चाललोय. डावीकडे सरकलं तर डाव्या. एका खुणेवर काही कळत नाही, कारण समोरचं झाड कुठूनही समोरच दिसतं. दोन खुणा एकावर एक लागतात. त्याच्या आज्याने त्याच्या बापाला हेच शिकवलं होतं.

आम्ही आत शिरलो. दोन्ही बाजूंना पाणी पांढरं फुटत होतं आणि आमच्या खालचं पाणी मात्र गुळगुळीत. काशिनाथची नजर खडपाकडे एकदाही गेली नाही. तो सगळा वेळ लांब त्या कुबडाकडे बघत होता. काठावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या होत्या, त्यांत गोमतीबाई होती. होडी आत आल्याचं बघून ती उठली आणि लुगडं झटकलं. त्या क्षणी मला ती कचेरीत जे सांगत होती ते कळलं.

कळलं खरं, पण लिहायचं कुठे? देव नाही, मसणवट नाही, मालकी नाही. हरकत घेणाऱ्यांचं गाव वेगळं, जाहीरनामा त्यांच्या चावडीवर लागलाच नव्हता, कारण जमीन त्यांच्या गावात नव्हती. दोन दिवस मी मथळे बघत बसलो. मग सरळ 'पोहोच रस्ता' या मथळ्याखाली लिहिलं की सदर वृक्ष हा शेजारील गावाच्या वहिवाटीच्या जलमार्गाची खूण असून तो तोडल्यास त्या गावाचा पोहोच रस्ता बंद होईल. आयुष्यात मला माझं लिहिणं आवडलं असेल तर ते तेवढंच.

प्रांतसाहेबांपुढे सुनावणी झाली. कंपनीच्या बाजूने देसाई म्हणून त्यांचे जागांचे अधिकारी होते. माणूस सभ्य. ते म्हणाले, झाडाच्या जागी आम्ही खांबावर दिवा लावून देतो, रात्रीही दिसेल. साहेबांनी काशिनाथकडे बघितलं.

"दिव्याचा तेल कोन घालनार?" काशिनाथने विचारलं.

"अहो, विजेचा दिवा," देसाई म्हणाले.

"मग तर झालाच," काशिनाथ म्हणाला. त्या वेळी आमच्याकडे वीज कशी असायची ते सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबसुद्धा हसले. मग त्यांनी माझा अहवाल पुढे ओढला.

"सर्कल, हा रस्ता पाण्यातून जातो?"

"हो साहेब."

"नकाशावर दिसत नाही."

"नकाशा जमिनीचा आहे साहेब."

साहेबांनी अहवालातला तो मथळा पुन्हा वाचला. नंतर त्यांनी परवानगी दिली, पण झाड राखण्याच्या अटीवर. टाकी बाजूला सरकवायची आणि झाडाच्या समुद्राकडच्या अंगाला काही उभारायचं नाही. अटीची भाषा मी तयार केली. कंपन्यांचे डाव मला पाठ होते. आज मान्य करायचं, उद्या झाडाला कीड लागली, परवा फांदी डोक्यात पडेल, असं म्हणत करवत लावायची. म्हणून मी लिहिलं की सदर वृक्ष कोणत्याही कारणास्तव तोडू नये. साहेबांनी शब्दही न बदलता सही केली. चार दिवसांनी गोमतीबाई घरी दोन मोठी पापलेटं घेऊन आली. आमच्या घरात मासळी शिजत नाही. बायकोने ती चिमटीत धरून शेजारच्या वीजकेंद्रातल्या कुटुंबाला दिली आणि तिथल्या पोरांनी नंतर आठवडाभर माझी विचारपूस केली.

गोष्ट इथे संपली असती तर संपादकांना हवा तसा लेख झाला असता.

काही वर्षांनी माझी बदली पालघरच्या कचेरीत झाली. एक दिवस गोमतीबाई तिथे आली आणि म्हणाली, "सायब, कुबड बारीक होत चाललाय." मी चौकशी केली. रस्त्यांना आणि कारखान्यांच्या पायांना खडी हवी होती. त्या टेकडीवर दगडाची खदान सुरू झाली होती. जमीन सरकारी, मंडळ दुसरं, फाईल दुसऱ्या खात्याची. सुरुंग लावून वरूनच दगड काढत होते, कारण वरचा दगड चांगला होता.

मी काशिनाथला निरोप धाडला. म्हटलं, चला, जाऊन बघू आणि तिथल्या गावाशी बोलू. दोन एसट्या बदलून आम्ही गेलो. काशिनाथने बरोबर सुक्या बोंबलांची जुडी घेतली होती. आयुष्यभर तो त्या डोंगराकडे बघत घरी आला होता, पण डोंगराच्या जवळ कधी गेला नव्हता. पायथ्याशी उतरलो तेव्हा त्याने मान वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हा नाय तो." मी म्हटलं, अहो हाच. त्याला पटेना. जवळून त्याचं कुबड दिसतच नव्हतं, नुसता फोडलेला पांढरा दगड आणि धूळ.

खदानीवर काम करणारा लाहानू नावाचा वारली आम्हाला त्याच्या झोपडीत घेऊन गेला. बायकोने कोरा चहा दिला. काशिनाथने बोंबील पुढे केले. लाहानूला वाटलं आम्ही खदानीचे कुणी साहेब आहोत, आणि तो आपण होऊनच सांगायला लागला. "खदान हाय म्हनून बरा हाय. आदी दिवाली झाली का घरदार बांदून भट्टीवर जाचो, इटा पाडाला. पोरां तितंच आजारी पडाची. एक तं तितंच ठेवून आलो." मग त्याने दारातल्या मुलीकडे मान वळवली. "ही आता शालंत जाते. हितंच हाव ना आता."

मी काशिनाथकडे बघितलं. आता तो बोलेल असं मला वाटलं. त्याने चहा संपवला, बशी पालथी घातली आणि लाहानूला विचारलं, यंदा भात कसा झाला. मग आम्ही उठलो.

एसटीत मी त्याला म्हटलं, "काशिनाथ, आपण कशासाठी गेलो होतो?"

"काय बोलू सायब?" तो म्हणाला. "तुजी पोरां भट्टीवर ने, मला डोंगूर पायजे, असा बोलू?"

 वाणगावच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा तो म्हणाला, "आमी दुसरी खून बगू."

मी तरीही वर लिहिलं. उत्तर आलं की सदर गावाच्या ग्रामस्थांचा सदर जमिनीशी कोणताही संबंध दिसून येत नाही. उत्तर लिहिणाऱ्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. मी त्याच्या खुर्चीत असतो आणि होडीत बसलो नसतो तर मीही तेच लिहिलं असतं. अशा कामात माणूस रागावतो कुणावर? खदानवाल्यावर? लाहानूवर? मी त्या सुमारास नुसता थकत गेलो. फाईल आली की बघायचो, पाठवायचो आणि घरी येऊन पायाला तेल लावायचो.

कुबड दोन-तीन पावसाळ्यांत सपाट झालं. दुसरी खूण त्यांना मिळाली नाही. मागची डोंगररांग तिथे एकसारखी आहे, नजर ठरायला काही नाही. होड्या भरती पूर्ण होईपर्यंत बाहेर थांबायच्या. बर्फ विरघळायचा, मासळी नरम पडायची, काठावर बायका बसून राहायच्या. हे मला कळायचं, पण विचारायला मी गेलो नाही. गेलो असतो तरी काय सांगणार होतो?

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नायब तहसीलदार झालो होतो, निवृत्ती जवळ आली होती. गोमतीबाई पुन्हा आली. या वेळी पाटी नव्हती आणि कपाळ मोकळं होतं. तिने न रडता सांगितलं. पावसाळी हवा होती, वारा फिरला, बाहेर थांबणं कठीण होतं. काशिनाथची होडी आत यायला निघाली आणि खडपावर गेली. बरोबरच्या माणसांना दुसऱ्या होडीने उचललं. काशिनाथ सापडला तो दुसऱ्या दिवशी, सुरूच्या बनाखाली.

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. तिने मला मध्येच थांबवलं.

"सायब, तेच्या होडीवरचा मानूस सांगत होता. त्याला चिंच दिसली. धुक्यात सगला गेला होता, पन चिंच दिसली. तो बोलला, आली खून, चला. चिंच नसती तर तो शिरला नसता. भायेर थांबला असता, नायतर दुसऱ्या खाडीला गेला असता."

मग ती माझ्या टेबलाजवळ सरकली.

"आमच्या पोराना किती सांगितला, ती आता खून नाय. पन डोले तितंच जातात. सायब, ती चिंच तोडाला सांगा."

मी अर्ज लिहून दिला. तिचा अंगठा घेतला, गावातल्या बाकीच्या तांडेलांच्या सह्या घेतल्या, आणि स्वतः उभा राहून सुनावणी लावून घेतली. तेव्हा प्रांताच्या खुर्चीत एक तरुण बाई होत्या, हुशार आणि मनाने चांगल्या. वसाहतीतर्फे तिथल्या सोसायटीचे अध्यक्ष आले होते. वसाहतीने गोरखचिंचेला पार बांधला होता, बायका तिथे हळदीकुंकू करायच्या, संध्याकाळी म्हातारी माणसं बसायची. झाडावर पाटी होती, त्यावर ते झाड कसं वाचलं ते लिहिलेलं. अध्यक्ष म्हणाले, मॅडम, हे झाड आमच्या सगळ्यांच्या जिवाभावाचं आहे, आणि ते या साहेबांनीच वाचवलं. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले.

प्रांतबाईंनी जुनी फाईल काढली आणि अट वाचून दाखवली. कोणत्याही कारणास्तव तोडू नये. मग मला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय ना?"

मी हो म्हटलं.

"इतकं पक्कं लिहून ठेवलंय की मला वाटच ठेवली नाहीत," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता, खरोखर अडचण सांगत होत्या. खाडीच्या तोंडाशी दिवा बसवावा म्हणून त्यांनी वर शिफारस केली आणि अर्ज निकाली काढला.

बाहेर ओट्यावर गोमतीबाई बसली होती. अर्जावर तिचा अंगठा होता, तरी तिला आत बोलावलं नव्हतं, कारण तिची जमीन नव्हती.

"काय बोलले?" तिने विचारलं.

"नाही म्हणाले. तोडता येणार नाही."

"कोन नाय बोलला? कंपनी?"

"नाही," मी म्हटलं. "मागे मी जे लिहिलं होतं, तेच वाचून दाखवलं."

तिने माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तुमी तवा आमच्यासाटीच लिवला ना, सायब." मग तिने घड्याळात किती वाजले ते विचारलं आणि उमरोळीकडे जाणाऱ्या गाडीसाठी स्टेशनच्या दिशेने चालायला लागली.